जित्या मुंजाजीचा हेल

गावात कुणी गेलं की तिरडी बांधणारा बालाजी गाठी आवळता आवळता एकच विचारायचा, "धुरपतावयनी आली का?" ती आली नसली तर बांधून झालेली तिरडी तशीच पडून ऱ्हायची. उचलायची घाई कुणी करायचं न्हाई. धुरपताबाईचा हेल झाल्याबिगर माणूस गेल्यासारखं गावाला वाटायचंच न्हाई.

हेल म्हणजे नुसतं रडणं नव्हं. रडायला काय, कांदा चिरतानाबी माणूस रडतंय. आमच्याकडं बाया मयताच्या उशाला बसून गेलेल्या माणसाशी सुरात बोलतात. ओळ शेवटाला उंच चढवतात, लांबवतात, दम संपला की सोडून देतात, अन् भोवतालच्या बाया ती झेलतात. बहुतेकींचं बोलणं ठरलेलं असतं. माझ्या वाघा, माझ्या सोन्या, कसा गेलास मला टाकून. गेलेला वाघ होता का मांजर, सोन्याचा होता का जर्मनचा, याच्याशी त्या हेलाला देणंघेणं नसतं.

धुरपताबाईचं तसं नव्हतं. ती माणूस जसा होता तसा मांडायची. देवळापुढं चपला वाकड्या पडल्या की किशनराव गाव डोक्यावर घ्यायचे. ते गेले तवा ही उशाला बसली, पदर डोळ्यापातूर ओढला अन् उचलला सूर, "आता चपला कशाबी सोडा गंऽऽ, किशनभाऊ देवाच्या दारात गेले गंऽऽ, तिथल्याबी चपला सरळ लावत बसले असतील, आत जायचं ध्यानच न्हाई गंऽऽ." सुना पदरात तोंड घालून हसायला लागल्या. अंगणातली पुरुषमाणसं खाकरायला लागली. अन् हसता हसता किशनरावांच्या थोरल्या सुनेला असा हुंदका फुटला की तिला धरायला दोघी लागल्या. बाईनं अख्खा म्हातारा चपलांसकट समोर आणून उभा केला होता. मग रडू येईना तर काय होईल?

हे तिनं बोरीच्या माहेराहून आणलं होतं, आईकडून. त्याचं तिनं कधी काही घेतलं न्हाई. मयताच्या घरचा चहासुद्धा न्हाई. पण एक गोष्ट तिला लागायची, अन् ती गावाला माहीत नव्हती.

नवरा मुंजाजी मयतीला तिच्याबरोबर जायचा, अंगणात पुरुषांत बसायचा. कवतिक करायचा स्वभाव न्हाई. गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, आंघोळ करून दोघं घराकडं निघाली की वाटंत कुठंतरी, पुढं बघतच, तो म्हणायचा, "ती चपलाची ओळ चांगली होती."

बस. एवढंच. कवा ही ओळ, कवा ती. गाव रडलं, गाव हसलं ते वेगळं. पण हेल काढताना धुरपताबाईचं निम्मं ध्यान वाटंवरच्या त्या एका बोलण्याकडं असायचं. तिनं कधी विचारलं न्हाई अन् त्यानं कधी चुकवलं न्हाई.

मग मुंजाजीचे कान गेले.

तो साखर कारखान्यात मिलवर होता. गंगाखेडच्या पट्ट्यात ऊस, अन् उसावर पोट. मिलचे रोलर सुरू झाले की शेजारच्याला बोंबलून सांगितलं तरी कळत न्हाई. साहेबलोक सांगायचे, कानात बोळे घाला. हा घालायचा न्हाई. म्हणायचा, "रोलरचा आवाज बदलला की मला कळतंय ऊस अडकायलाय म्हणून. बोळे घातल्यावर काय बोटानं ऐकू?" उभी उमर त्यानं रोलर ऐकले. रिटायर होऊन घरी आला तवा रोलर सगळे बारीक आवाज चावून बसले होते.

परभणीच्या डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं. बारीक, उंच आवाज गेले. जाड, खालचे शाबूत हाईत. म्हणजे म्हशीचं हंबरणं ऐकू यायचं, कुकरची शिट्टी न्हाई. ट्रॅक्टर यायचा, चिमणी न्हाई. अन् धुरपताबाईचा आवाज तर पहिल्यापासून तारेसारखा. कानात घालायचं मशीन आणलं, पण ते कानात घोंघावतंय म्हणून त्यानं दोन-चार दिवसांत कोनाड्यात ठेवून दिलं.

"म्हशीचं ऐकू येतंय, बायकूचं न्हाई," शेजारची सरजाबाई म्हणायची. "लय नशीबवान गडी हाय."

धुरपताबाई हसायची. पण तात्यारावांच्या मयतीला तिचं हसणं मोडलं. तात्याराव म्हणजे जन्मभर घड्याळ पुढं ठेवणारा माणूस. कुठंबी आधी जाऊन बसायचा, अन् बाकीचे उशिरा आले म्हणून रुसायचा. धुरपताबाईनं हेल काढला, "तात्या, आताबी आधीच गेलात ओऽऽ, आमी येऊस्तोवर तिथं रुसून बसू नका ओऽऽ." अंगणातली माणसं माना खाली घालून थरथरायला लागली. मुंजाजीनं सगळ्यांकडं पाहिलं. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. तो शेजारच्याला मोठ्यानं म्हणला, "काय म्हणली? काय म्हणली ती?"

भर मयतीत. रडणं, हसणं, सगळं थांबलं. शेजारच्यानं त्याच्या मांडीवर हात ठेवून गप केलं.

त्या दिशी गंगेवरून येताना तो काही बोलला न्हाई. घर आलं तसं म्हणला, "आज काय होतं हेलात?"

तिनं सांगितलं. ऐकू गेलं न्हाई. मोठ्यानं सांगितलं, मग कानाशी तोंड नेऊन वरडून सांगितलं. तिसऱ्या बारीला त्याला कळलं. "आसं व्हय," म्हणला अन् म्हशीला पाणी दाखवायला गेला. हेल काय बाजारात भाव वरडून सांगावा तसा सांगायची गोष्ट हाय? तिचा तिलाच तो फडतूस वाटला.

त्याच साली लेक प्रियांका नागपंचमीला आली. ही परभणीला एका लॅबमध्ये रक्त तपासते. शिकायला छत्रपती संभाजीनगरला होती तवापासून तिला एका परदेशी बँडचं वेड. नाव त्यांचं पोलाइट कॉफिन. म्हणजे शिष्टाचारानं वागणारी शवपेटी. लांब उत्तरंतल्या कुठल्या देशातली पाच माणसं. तिकडं हिवाळ्यात सूर्य तोंड दाखवून परत जातो म्हणे. पाचीजण काळ्या कोटात, तोंडाला पांढरी पावडर, केस कमरेपातूर. प्रियांकाच्या काळ्या टीशर्टावर त्यांची शवपेटी, अन् पेटीतून बाहेर आलेला हात टोपी काढून नमस्कार करायलेला.

"सणाच्या दिशी अंगावर मढं घालून आलीस," धुरपताबाई म्हणली.

"माय, मढ्यांचा सगळ्यात जास्ती संबंध कोणाचा येतो या घरात?" प्रियांका म्हणली. धुरपताबाईनं लाटणं दाखवलं.

दुपारी प्रियांकानं ओसरीत बाजेवर एक काळा स्पीकरचा डबा ठेवला अन् मोबाइलवरून गाणं लावलं. बाजेच्या दुसऱ्या टोकाला मुंजाजी पाठ करून बसला होता, दोरी वळत. गाणं सुरू झालं तशी त्याची दोरी थांबली. त्यानं वळून पाहिलं. मग हळूच पुढं सरकला अन् त्या डब्यावर हात ठेवला, म्हशीच्या पोटात वासरू हाय का बघावं तसा.

"कोण म्हणायलाय?" तो म्हणला.

माय-लेकी एकमेकींकडं बघायला लागल्या.

"बाबा, तुमाला ऐकू येतंय?"

"गडी हाय. जाड आवाजाचा. विहिरीत उतरून म्हणायल्यासारखा." त्यानं कान डब्याजवळ नेला. "मागं ढोल हाय. मयतीच्या हलगीवानी, धीरे धीरे. काय म्हणायलाय ग तो?"

प्रियांका त्याच्या कानाशी बसून, आवाज जाड करून, एकेक ओळ सांगायला लागली. गाण्यातला माणूस मेलेला हाय. पेटीत पडून स्वतःची मयत ऐकायलाय. मेहुणा ह्याचेच नवे बूट घालून आलाय हे त्याला चालीवरून कळतंय. फुलं स्वस्तातली हाईत हे वासावरून कळतंय. पाद्री दुसऱ्याच माणसाचं कवतिक करायलाय, ते इतकं चांगलं हाय की ह्यालाबी त्या माणसाला भेटावं वाटायलंय. अन् शेवटी सगळे घरी जातात, बायकू एकटी थांबते, अन् ती रडती का हसती हे पेटीच्या झाकणामुळं त्याला कळत न्हाई. तो म्हणतो, झाकण जरा पातळ घ्यायला पाहिजे होतं.

मुंजाजी आधी हसला. मग झाकणाच्या ओळीला गप झाला. मग म्हणला, "परत लाव."

परत लावलं. हसू अन् गप बसणं, दोन्ही त्याच जागी आलं.

"हे तर धुरपतेचंच काम हाय," तो म्हणला. "तिकडंबी करतात म्हणायचं."

धुरपताबाई पुरणाचे दिंड करत होती. करता करता तिचा हात थांबला. तिच्या कामाचं नाव नवऱ्यानं दुसऱ्यापुढं पहिल्यांदा घेतलं होतं, तेबी दुसऱ्याचं ऐकून.

प्रियांका परत गेली, पण डबा अन् एक जुना मोबाइल बापाला देऊन गेली. मग काय, रोज दुपारी ओसरीत तो लांब केसांचा गडी घुमायला लागला. प्रियांकानं त्याचं नाव सांगितलं होतं, पण ते धुरपताबाईच्या तोंडात बसेना; ती त्याला लांब्या म्हणायची.

"मुंजाभाऊच्या घरात रेडा अडकलाय का?" सरजाबाई भिंतीवरून विचारायची.

"सवत आणलीय," धुरपताबाई म्हणायची. "मिशा असलेली."

सरजाबाई हसली तरी धुरपताबाईला हसायला येत नव्हतं. माझा आवाज गेला, अन् ह्या मेल्याचा येतोय. सात समुद्रापलीकडचा, जात न्हाई पात न्हाई, ना मयत माहीत ना सोयरं. नवरा त्याच्याकडं तोंड करून बसतो अन् मान डोलावतो. मी ताट वाढलंय म्हणून वरडू वरडू मरते, तर त्याला पत्ता न्हाई.

एका दुपारी गाणं संपलं अन् मुंजाजी म्हणला, "धुरपते, माझ्या वेळेला काय म्हणशील ग?"

ती मटकी निवडत होती. "कशाच्या वेळेला?"

त्याला ऐकू गेलं न्हाई, पण तिचं तोंड बघून कळलं. "मी गेल्यावर. हेलात. सगळ्या गावाचं ऐकलं म्या. माझंच तेवढं ऐकायला भेटायचं न्हाई. ह्या गड्याला पेटीत पडून ऐकायला आलं. मला जित्तेपणी ऐकू येईना, मेल्यावर काय येणार हाय? एकदा म्हणून दाखव की."

तिनं सूप खाली आपटलं. "जिभंला हाड हाय का न्हाई तुमच्या? कुकवाची बाई मी. जित्या नवऱ्याचा हेल काढू? सटवाईनं कान धरल माझा!"

"काय?"

"काही न्हाई!"

"आं?"

ती उठून आत गेली. त्यानं मोबाइल बाजेवर ठेवला. मग गाणं न लावताच शेताकडं गेला. खेळणं मागून न मिळाल्यावर लेकरू जातं तशी त्याची पाठ दिसत होती. धुरपताबाईला ती पाठ दिवसभर दिसत ऱ्हायली.

दुसऱ्या दिशी तो गवताला गेल्यावर तिनं दार लोटलं अन् मोबाइल हातात घेतला. लांब्याला म्हणली, "म्हण बाबा. बघू तरी तुझ्यात काय हाय."

अन् ती बसली ऐकायला. बाई बाईचा हेल जशी ऐकते तशी. भाषा कळत न्हाई, तर बरंच झालं. शब्दात अडकायचं काम न्हाई. पहिल्यांदा तिला नुसता गोंगाट वाटला. गिटारी करवतीसारख्या, दोन-दोन हात जाडीचं लाकूड कापायल्यासारख्या. मग हळूहळू गोंगाटात वाट दिसायला लागली. ढोल घाई करत न्हाई. मयत खांद्यावर असली की माणसं जेवढं पाऊल टाकतात तेवढंच टाकतो. लांब्या एक ओळ म्हणतो अन् थांबतो, तवा मागून दोन-तीन बायांचा आवाज येतो, पातळ, धुरासारखा. धुरपताबाईनं मान हलवली. झेलणाऱ्या बाया. ह्याच्याकडंबी झेलणाऱ्या बाया हाईत.

प्रियांकानं फोनवर तिला बाकीच्याबी गाण्यांचा अर्थ सांगितला. एकात मेलेली बायकू दर शुक्रवारी थडग्यातून उठून घरी येते. नवऱ्याला वाटतं मायेनं येते. ती येते अन् त्यानं वाकडे लावलेले पडदे सरळ करून जाते. तो मग जाणूनबुजून पडदे वाकडे लावायला लागतो. हे ऐकून धुरपताबाई फोन कानाला लावून चुलीतलं लाकूड उगंच मागंपुढं करत बसली.

"माय? हाईस का?"

"हाय." नाक शिंकरून ती म्हणली, "चांगला हाय ग गडी. त्याला माणसं माहीत हाईत."

"मग! मी काय उगं वेडी झाले?"

"ते केस तेवढे काप म्हणावं."

पण तिला खरं नवल वाटलं ते वेगळंच. ती जन्मभर दुःखाच्या जागी आवाज वर न्यायची. तिची आईबी तसंच करायची. जितकं दुःख मोठं तितका सूर उंच. हा बाबा नेमका उलटा. हसायचं असलं तर आवाज जरा वर आणायचा, अन् काळीज चिरायचं असलं की खाली उतरायचा. खाली, आणखी खाली, हौदाच्या तळाला हात लागावा तिथपातूर. अन् मुंजाजीचा कान तर तिथंच, तळाला बसून होता.

खाली उतरता येईल का आपल्याला?

तिनं लांब्याच्या बरोबरीनं सूर लावून पाहिला. खोकला आला. परत लावला. गळ्यातून न्हाई, पोटातून काढावा लागत होता. जात्यावर बसल्यावर निघतो तसा. रोज दुपारी मुंजाजी गवताला गेला की ती दार लोटायची, डबा मोठा करायची अन् त्याच्याबरोबर घुमायची. आठ-पंधरा दिवसांत आवाज बसला, म्हणजे खरंच बसला. खाली जाऊन मांडी घालून बसला.

आता सूर झाला, पण हेलाला माणूस लागतो. आधी तिनं म्हशीवर काढून पाहिला. म्हैस दावणीला रवंथ करायलेली, धडधाकट. निघेना. हेल खोटा निघत न्हाई. ज्याच्याशी संसार केला त्याच्यावरच काढावा लागतो.

मग एका दुपारी तिनं करंड्यातलं कुंकू काढून कपाळाला रोजच्यापेक्षा मोठं लावलं. देवळीतल्या देवाला म्हणली, "हे नुसतं सरावाचं हाय. तू धरू नगंस." डबा लावला, दार लोटलं, अन् मुंजाजीचं मांडायला बसली.

चूक तिची इतकीच, की घरावर पत्रे हाईत हे ती विसरली. उंच आवाज पत्र्यातून निसटून जातो. जाड आवाज पत्रा धरून ठेवतो अन् सगळ्या गल्लीला वाटतो.

भिंतीपलीकडं सरजाबाई उघडीप बघून शेवया वाळत घालत होती. तिला धुरपताचा हेल ऐकू आला. अन् हेलात कोण, तर मुंजाभाऊ. आवाज असा खोल गेलेला की सरजाबाईला वाटलं, दुःखानं बाईचा गळाच फुटला. मागं तो लांब्याचा ढोल, तो तिला वाटला धुरपता ऊर बडवायलीय. सरजाबाई दार वाजवायलाबी थांबली न्हाई. शेवया तशाच टाकून गल्लीत पळाली. "मुंजाभाऊ गेले वऽऽ!"

आमच्या गावात दुसऱ्या कामाला माणसं गोळा करायला दवंडी द्यावी लागते. मयतीला लागत न्हाई. बालाजी बांबू अन् कडबा घेऊन आला. पिठाची गिरणी बंद झाली. अंगणात पुरुष बसले, बाया दाराशी जमल्या. आत जायला कुणी धजेना. आतून हेल सुरू होता, अन् सुरू असलेला हेल कुणी मोडत नसतं. बायांनी तिथंच बाहेर बसून झेलायला सुरुवात केली. धुरपताबाईला डब्याच्या आवाजात काहीच कळलं न्हाई. तिला वाटलं, लांब्याच्या बाया आज जरा जोरात हाईत.

बालाजी निम्मी तिरडी बांधून झाला अन् गल्लीच्या तोंडाला एक गवताचा भारा दिसला. भाऱ्याखाली दोन पाय. भारा अंगणात आला, धपकन खाली पडला, अन् त्याखालून मुंजाजी निघाला. त्यानं तोंड पुसलं. माणसं पाहिली, बांबू पाहिले, कडबा पाहिला. टोपी काढून हातात घेतली.

"कोण गेलं?"

सरजाबाईनं किंकाळी फोडली अन् भिंत धरली.

"आरे, कोण गेलं?" तो आणखी मोठ्यानं म्हणला.

जो तो शेजारच्याला ढोसायला लागला. शेवटी बालाजी उठला, त्याच्या कानाशी गेला अन् जीव खाऊन वरडला, "तुमी!"

मुंजाजीनं जरा विचार केला. "कवा?"

गल्ली अशी हसली की झाडावरची पाखरं उडाली. त्या हसण्यानं आतला आवाज थांबला. दार उघडलं. धुरपताबाई उंबऱ्यात उभी, कपाळावर हे एवढं कुंकू, डोळे लाल. समोर अख्खा गाव, मधोमध नवरा, अन् बाजूला त्याची निम्मी तिरडी. तिनं पदर तोंडात धरला.

"धुरपते," सरजाबाईला आता राग आला होता, "जित्या नवऱ्याचा हेल काढायलीस? माझ्या शेवया कुत्र्यानं खाल्ल्या!"

पण मुंजाजीला कळलं होतं. तो बांबूंकडं बघत होता, तिच्या कुंकवाकडं बघत होता, आत अजून घुमायलेल्या डब्याकडं बघत होता. त्यानं टोपी घातली, निम्म्या तिरडीशेजारी मांडी घातली अन् म्हणला, "गाव आलाच हाय, तर होऊन जाऊ दे."

"अभद्र! अभद्र!" सरजाबाई कानावर हात ठेवून म्हणली.

"मयतीचा हेल अभद्र," धुरपताबाई म्हणली. "हितं मयत कुठं हाय? बसलाय की टोणगा."

बालाजी म्हणला, "वयनी, तो डबा आणू का भाईर?"

"नगं. त्याचं त्याच्यापाशी. मला ढोलाची चाल ध्यानात हाय."

ती त्याच्यासमोर बसली. गुडघ्याला गुडघा लागावा इतकी जवळ. तळहात जमिनीवर ठेवला, लांब्या थांबतो तेवढी थांबली, अन् सूर उचलला न्हाई, खाली सोडला.

"ओ, लग्न करून आणलंत सायकलवर बसवून ओऽ, वढ्याच्या खड्ड्यात मी पडले, तुमी गावापातूर एकलेच गेलात ओऽ, कान चांगले होते तवाबी बायकू पडल्याली ऐकू आली न्हाई ओऽ..."

मुंजाजीचे खांदे हलायला लागले. त्याला ऐकू येत होतं. सगळंच न्हाई, एखादा शब्द निसटायचा, पण तिची ओळ येत होती.

"करपली भाकर, बोलला न्हाईत ओऽ, गपचीप कुत्र्याला टाकलीत, मला वाटलं खाल्लीत ओऽ, कुत्र्यानंबी हुंगून सोडली ती मी पाहिली ओऽ..."

गल्ली हसत होती. बाया झेलत होत्या. त्यांना खालचा सूर जमेना, तरी झेलत होत्या. सरजाबाईबी बसली होती, रागातच.

मग धुरपताबाई थांबली. अन् लांब्या जातो तशी आणखी खाली उतरली.

"मयत करून गंगेवरून येताना ओऽ, आता वाटंत कोण सांगल ओऽ, कोणती ओळ चांगली होती म्हणून..."

ही ओळ झेलायला कुणाचाच आवाज निघाला न्हाई. हे गावाला माहीतच नव्हतं. मुंजाजी जमिनीकडं बघत होता. त्यानं एक कडब्याची काडी उचलली, मोडली, परत मोडली. बालाजीनं गुपचूप तिरडीच्या गाठी सोडायला सुरुवात केली.

माणसं उठून गेली. गिरणी सुरू झाली. धुरपताबाईनं सरजाबाईला शेवया करून द्यायचं कबूल केलं, वर दोन शिव्या ऐकल्या. म्हैस केव्हाची हंबरत होती. मुंजाजीनं गवताचा भारा एका बाजूनं धरला, तिनं दुसऱ्या बाजूनं, अन् दोघं गोठ्याकडं निघाली.

अंगणापासून गोठा म्हणजे काही वाट न्हाई. तेवढ्यात तो, पुढं बघतच, म्हणला, "ती सायकलची ओळ चांगली होती."

तिनं भाऱ्याची बाजू तेवढी नीट धरली.

"पर वढ्यात न्हाई पडलीस तू. वढ्याच्या अलीकडं, चिंचंपाशी. अन् भाकर कुत्र्याला न्हाई, म्हशीला टाकली होती."

शेवटच्या ओळीबद्दल तो बोलला न्हाई. ती गोठ्याच्या दारात थांबली, पोटातून आवाज काढला अन् त्याच्या कानाशी, खालच्या सुरात म्हणली, "बदलते. अजून टाइम हाय."

"हाय की," तो म्हणला, अन् म्हशीपुढं गवत टाकलं.